सुदामचे चौदा सेकंद

तीस वर्षं मी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून नोकरी केली आणि तेवढ्या काळात एकाही माणसाला पळायला लावलं नाही. पौडला दर मंगळवारी आमची मनोविकारांची ओपीडी असायची. तिथे नव्याने येणाऱ्यांना मी हमखास पी.टी.ची बाई वाटायचे. मुठ्याहून नातवाला घेऊन आलेल्या एका आजींनी मला दारातच बजावलं होतं, "हे बघ बाय, पोराला काय पळवायचं ते पळीव. माझं गुडघं गेल्यात."

मी मानसशास्त्रज्ञ. हा शब्द उच्चारला की लोक सावरून बसतात. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई जपून जेवते. मी तिच्या जिलबी घेण्याचाही काही अर्थ लावीन अशी तिला धास्ती. प्रत्यक्षात माझं निम्मं आयुष्य फूटपट्ट्या खाली सोडण्यात आणि सेकंद मोजण्यात गेलं. मोजणीत मी पक्की, असा माझा समज होता. आता ज्या चौदा सेकंदांबद्दल लिहिते आहे, त्यांच्यावर एका माणसाची विहीर टांगलेली होती आणि ते मोजताना मी चुकले.

स्किझोफ्रेनिया म्हटलं की लोकांना आठवतात ते भास. कानात आवाज, भिंतीपलीकडे कट. सिनेमावाल्यांचं त्यावर फार प्रेम. या आजाराचं दुसरंही एक अंग आहे, त्यावर कुणी सिनेमा काढणार नाही, कारण त्यात काही घडताना दिसत नाही. ते म्हणजे संथपणा. प्रश्न कानावर पडतो, त्याचा अर्थ लागतो, उत्तर सापडतं, त्याचे शब्द होतात, जीभ हलते. तुमच्याआमच्याकडे हे सगळं एका श्वासात उरकतं. यांच्यातल्या पुष्कळांना प्रत्येक पायरीवर थांबावं लागतं. गोळ्यांनी आवाज बंद होतात, संशय निवळतो, पण संथपणा बऱ्याचदा मागे उरतो. त्यातला थोडा गोळ्यांचा असतो, तेवढा डॉक्टर डोस बदलून कमी करू शकतात. उरलेला आजाराचा. घरचे लोक आधी त्याला आळस म्हणतात, मग मठ्ठपणा, आणि शेवटी माज.

पूर्वी परदेशातल्या भाच्याला फोन लावला की आवाज पोचायला वेळ लागायचा. आपण विचारायचं, "जेवलास का?" पलीकडे शांतता. ऐकू गेलं नाही वाटून आपण पुन्हा विचारायचं, नेमकं तेव्हाच त्याचं "हो" येऊन आपल्या प्रश्नावर आदळायचं. मग दोघंही गप्प, मग दोघंही एकदम. सुदामशी बोलणाऱ्या प्रत्येकाचं हेच व्हायचं. फरक इतकाच, की सुदाम हातभर अंतरावर बसलेला असायचा, त्यामुळे दोष लाइनला देता यायचा नाही.

म्हणून आमच्या कामाचा पहिला नियम असा, की प्रश्न एकदाच विचारायचा आणि गप्प बसायचं. पुन्हा विचारलात, तर तो माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर जातो. तीनदा विचारलात, तर पहिल्याचं उत्तर तिसऱ्याला येतं आणि तुम्ही कागदावर लिहिता, 'असंबद्ध बोलतो'.

सुदाम माले गावचा. या गोष्टीच्या अठरा वर्षं आधी पहिल्यांदा आला, तेव्हा पंचविशीत होता. सोबत थोरला भाऊ दत्तोबा. गाव त्यांना आण्णा म्हणतं, तशी मीही म्हणायला लागले. आईवडील गेलेले. आण्णांनी या धाकट्याला मुलासारखं सांभाळलं, आणि मुलासारखंच त्याला कधी बोलू दिलं नाही.

पट्टीची चाचणी अगदी साधी. मी फूटपट्टी उभी धरायची, समोरच्याने खालच्या टोकाशी बोटं नुसती उघडी ठेवायची. मी न सांगता पट्टी सोडायची, त्याने पकडायची. जितकी खाली घसरली, तितका हात उशिरा हलला. सुदामकडे ती जमिनीवर पडायची, मग त्याची बोटं मिटायची. मग तो वाकून पट्टी उचलायचा, शर्टाला पुसायचा आणि दोन्ही हातांनी मला परत द्यायचा. सहाव्यांदा हे झालं तेव्हा आण्णांना राहवलं नाही.

"म्याडम, तुमच्या हातातनं लई पडतीया पट्टी. डॉक्टरला दावा एकदा."

दुसरी चाचणी खुणांची. एक ते नऊ आकडे, प्रत्येकाची एक ठरलेली खूण. खाली नुसत्या आकड्यांच्या ओळी दिलेल्या, प्रत्येकाखाली त्याची खूण भरत जायची. वेळ दोन मिनिटं. आमचा शिपाई मजेत पाच ओळी भरायचा आणि त्यात दोन-तीन चुका करायचा. सुदामने दीड ओळ भरली. एकही चूक नाही. मी घड्याळ बंद केलं तरी तो लिहितच होता. मी कागद ओढून घेतला. नियमच तसा आहे. त्याच्या पेन्सिलीची रेघ कागदभर लांब गेली.

प्रश्नाला उत्तर द्यायला सुदामला बारा ते पंधरा सेकंद लागायचे. ऐकायला किरकोळ वाटतात. समोरच्या माणसाकडे बघत मनात चौदा मोजून पाहा. सातव्याला तुम्ही खाकराल, नवव्याला विषय बदलाल.

त्याच्याकडे झटपट उत्तर एकच होतं, ते त्याने पाठ करून ठेवलं होतं. "व्हय." व्हय म्हटलं की माणसं निघून जातात, हे त्याला अनुभवाने कळलं होतं. "जेवलास का?" "व्हय." "गोळी घेतलीस?" "व्हय." "म्हशी सोडल्यास?" "व्हय." यातलं खरं काय, ते म्हशींना ठाऊक.

म्हशी दोन होत्या. वरच्या वावरात विहीर, तिच्या कडेला गोठा, गोठ्याशेजारी भाजीचे चार वाफे. सुदाम सकाळी तिकडे जायचा, दिवेलागणीला परतायचा. भातलावणीच्या ओळीत तो टिकायचा नाही. बायका झपझप मागे सरकत जायच्या आणि हा एकटाच ओळीत पुढे अडकून राहायचा. त्याच्या हातचा रहाट मात्र कधी कुरकुरला नाही. विहिरीला घाई नसते, म्हशीला तर नसतेच. आजार उलटून त्याला पुन्हा दाखल करावं लागलं, ते दोनदाच. दोन्ही वेळा घरचं काही कार्य निघालं म्हणून त्याचं वर जाणं आठवडाभर बंद झालं होतं. हे मी त्याच्या फाइलीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

मानसिक आरोग्याबद्दल जागृती वगैरे होते, तेव्हा काय होतं तेही सांगते. लवळ्याच्या टेकडीवर कॉलेजं आहेत, तिथे एकदा असाच एक सोहळा झाला. दीपप्रज्वलन, शाली, नारळ, स्वागताची चार भाषणं. बरा झालेला रुग्ण म्हणून सुदामला स्टेजवर उभं केलं. प्रमुख पाहुण्यांनी माईक त्याच्या तोंडाशी नेला, "बोला, आता कसं वाटतंय?" दोन सेकंद थांबले, माईक परत घेतला आणि डोळे टिपत म्हणाले, "बघा, शब्द फुटत नाहीत. भावना अनावर झाल्या." टाळ्यांचा कडकडाट झाला. सुदामचं उत्तर आलं ते आभारप्रदर्शन सुरू झाल्यावर, माझ्या कानाशी. "पाय दुखत्यात."

त्याच टेकडीवरच्या एका वसतिगृहातला मुलगा मला पाठवला होता, कारण तो जेवत नव्हता. सोबतच्या पत्रात 'अन्नात विष असल्याचा संशय' असा अंदाज होता. मी त्याच्याबरोबर कॅन्टीनला गेले. गल्ल्यावरचा माणूस ओरडायचा, "हां, बोला!" मुलगा तोंड उघडायचा, तोवर मागच्या तिघांनी पोहे, मिसळ, चहा सांगून टाकलेलं असायचं. थोड्या वेळाने तो बिस्किटाचा पुडा उचलून निघून जायचा. संशयबिंशय काही नव्हता. मी त्याला चिठ्ठी लिहून आणायला सांगितलं. महिन्याभरात अंगावर मांस आलं. माझ्या कारकिर्दीतला हा सर्वांत यशस्वी उपचार, आणि त्यासाठी लागली ती एक जुनी वही.

अशा यशाने माणूस शेफारतो. मीही शेफारले होते, हे आता कळतं.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना एका मंगळवारी आण्णा एकटेच आले. जमीन विकत होते. वरचं सगळं वावर, विहिरीसकट. पुण्याचा कुणी घेणारा होता, त्याला शनिवार-रविवारची घरं बांधायची होती. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं. घेणाऱ्याच्या वकिलाने अट घातली होती, की धाकटा गोळ्या खातो, तेव्हा तो शहाणा असल्याचं लिहून आणा.

"आण्णा, विहीर पण?"

"समदंच मागतोय त्यो. तुकडा न्हाई घेत म्हणला."

"मग सुदाम कुठं जाईल?"

आण्णा चिडले. "म्याडम, माझं वय बघा की. मी हाय तवर हाय. मागं ह्याला कोन बघंल? पोरगं माझं हिंजवडीला, त्याला त्याच्या बॉसला बघायला येळ पुरत न्हाई. रस्त्याकडंला दोन खोल्या बांधतो ह्याच्या नावानं. एक ह्याला, एक भाड्यानं. भाडेकरू असला म्हंजी निदान हाक मारायला मानूस ऱ्हातंय."

त्यांचं चूक नव्हतं. हीच अडचण होती.

पुढच्या मंगळवारी सुदामला आणलं. आण्णांना बाहेर बसवलं. मी एकदाच विचारलं, "सुदाम, वरची जमीन विकायची का?" आणि घड्याळ सुरू केलं. तेरा सेकंद. मग तो म्हणाला, "इहिरीचं काय?"

मी घड्याळ बंद केलं. बाहेर पेशंटांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. फाइलीत लिहिलं, 'व्यवहार समजतो. विकण्याची इच्छा दिसत नाही.' आणि पुढच्याला आत बोलावलं.

दाखला तयार केला. सही आमच्या डॉक्टरांची, मजकूर माझा. 'सुदाम यांना व्यवहाराचा अर्थ समजतो. मात्र उत्तर देण्यास त्यांना वेळ लागतो. प्रश्न साधा व एकदाच विचारावा. किमान वीस सेकंद थांबावे. अन्य कोणीही त्यांच्या वतीने उत्तर देऊ नये.' वकिलांनी तो मला फोनवर वाचून दाखवला, जणू मी लिहिलेला मला माहीत नसावा. "मॅडम, हे मेडिकल सर्टिफिकेट आहे की रेसिपी?" मी म्हटलं, तुम्हाला हवं तर मी स्वतः येते. मनातून मला यायचंच होतं. सुदामच्या तोंडून 'न्हाई' निघावं आणि ते सरकारी कागदावर उमटावं, हे बघायला.

ठरल्या दिवशी तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात आम्ही अकराला पोचलो. आत चाळीस माणसं, बाकं चार. पंखा फिरताना खडखडत होता. दर मिनिटाला कुणीतरी नंबर पुकारत होतं, कुणाचा अंगठा, कुणाचा फोटो. गोंगाटात सुदाम आणखी संथ व्हायचा, हे मला माहीत होतं. तो आण्णांच्या शेजारी बसला होता, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर दोन्ही हात. उजव्या हाताचं बोट मांडीवर टकटक करत होतं. हे चांगलं लक्षण नव्हतं. दोन्ही वेळा दाखल होण्याआधी ते बोट असंच सुरू झालं होतं.

वकील येऊन त्याच्यासमोर वाकले. "हे बघ सुदाम, साहेब विचारतील, मान्य आहे का. तू म्हणायचं, हो. एवढंच. काय म्हणायचं?"

"व्हय," सुदाम लगेच म्हणाला.

"व्वा! मॅडम, कुठं आहेत तुमचे वीस सेकंद?"

साहेबांनी प्रश्न टाकला आणि सुदामच्या तोंडून ते पाठ केलेलं 'व्हय' निसटलं, की संपलं. पुढे अंगठा, फोटो, शिक्का. मग विहीर दुसऱ्याची. आणि मी ते थांबवू शकणार नव्हते, कारण त्याला समजतं असं मीच लिहून दिलं होतं.

तेवढ्यात सर्व्हर गेला. संगणकावर बसलेली मुलगी हात बांधून स्वस्थ बसली. वकील तिच्या मागे जाऊन म्हणाले, "अहो, परत एंटर मारा की!"

"नाही दादा," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "परत मारलं की पहिल्यापासून फिरायला लागतंय. थांबायचं."

मला तिला माझ्या जागी नेमावंसं वाटलं.

एक वाजता आमचा नंबर आला. काचेपलीकडे साहेब होते. जाड चष्मा, खिशाला दोन पेनं. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि माझा धीर सुटला. "सदर दस्तऐवजातील मजकूर आपणांस अवगत असून तो आपण स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना निष्पादित करून देत आहात, हे आपणांस मान्य आहे काय?"

एका वाक्यात तीन प्रश्न. आण्णा "व्हय" म्हणाले. सुदामचं तोंड उघडू लागलं. मी काचेवर दाखला आपटला. खरोखर आपटला. माझ्या वयाच्या बाईला शोभणारं नव्हतं.

"साहेब, आधी हे वाचा."

साहेबांनी ते सावकाश वाचलं. मग चष्मा वर करून सुदामकडे बघितलं.

"सुदाम," ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "विहिरीकडची जमीन आहे ना तुमची? ती विकायची का?"

मी घड्याळ सुरू केलं.

तीन. आण्णांनी श्वास घेतला. चार. वकिलांनी तोंड उघडलं, साहेबांनी नुसतं बोट वर केलं. सहा. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आरं मुकं हाय का काय ते?" आठ. सुदामचं बोट काचेच्या कडेवर टकटकत होतं. नऊ. आण्णा कळवळून त्याच्याकडे बघत होते. अठरा वर्षं ज्याची वाक्यं आपण पुरी केली, त्याच्यापुढे गप्प उभं राहणं त्यांना जड जात होतं, कपाळावर घाम दिसत होता. अकरा. मी मनातल्या मनात म्हणत होते, व्हय म्हणू नको, व्हय म्हणू नको. तेरा.

"न्हाई," सुदाम म्हणाला.

मी घड्याळ दाबलं. चौदा सेकंद.

एकदम गलका झाला. वकील टेबलावर हात आपटत होते, "हे आधी सांगायचं ना! माझ्या पार्टीचा आख्खा दिवस गेला!" आण्णा खाली बसले. "सुद्या, आरं माझ्या मागं तुझं काय हुईल रं?" एवढंच म्हणाले, तेही त्याच्याकडे न बघता. त्यांच्या तोंडाकडे बघून माझा आनंद थोडा ओशाळला, पण होता. मी पुढे होऊन साहेबांना म्हणाले, "उत्तर मिळालं. नकार नोंदवून घ्या आणि दस्त परत करा."

"बाई, खाली बसा," साहेब म्हणाले.

"पण त्याने स्पष्ट—"

"खाली बसा. यांचं अजून चालू आहे." आणि मग वकिलांना, पुन्हा त्या सदर-सदरच्या थाटात, "आपणही कृपया मौन बाळगावे."

मी सुदामकडे वळले. त्याचं बोट थांबलं होतं. ओठ हलत होते. मला ते दिसले नव्हते, कारण मी घड्याळाकडे बघत होते.

"इहीर न्हाई," तो म्हणाला. बराच वेळ गेला. किती, ते मला सांगता येणार नाही. "गोठा न्हाई." पुन्हा वेळ. "त्याच्या वरलं समदं द्या. आन्... आण्णा म्हणतोय त्या खोल्या बांधा."

आमच्या धंद्यात पहिला शब्द आला की घड्याळ बंद करतात. त्यालाच प्रतिसादाचा वेळ म्हणतात. तीस वर्षं माझा अंगठा पहिल्या शब्दाला खाली गेला, आणि अंगठ्याबरोबर कानही मिटत गेला. "इहिरीचं काय?" हा सुदामच्या उत्तराचा नुसता उंबरा होता, आणि मी तिथूनच मागे फिरून फाइलीत 'इच्छा दिसत नाही' असं लिहिलं होतं. ते राहिलेलं वाक्य आठवडाभर त्याच्याजवळच होतं. साहेबांनी माझं ऐकलं असतं, तर सुदामच्या नावावर एक नकार चढला असता जो त्याने दिलाच नव्हता. घेणारा निघून गेला असता, खोल्या राहिल्या असत्या, आणि आण्णांनी उरलेलं आयुष्य असं मानलं असतं, की आपल्या भावाला आपलं म्हणणं कळलं नाही. हे सगळं माझ्या दाखल्याच्या जोरावर. ज्या कागदात मी जगाला थांबायला सांगितलं होतं.

आणि घरी कपाटात माझ्या तीस वर्षांच्या वह्या आहेत. त्यांत शेकडो माणसांचे पहिले शब्द आहेत, सेकंदांसकट.

बाहेर पडताना मी साहेबांना विचारलं, त्याचं संपलं नाही हे तुम्हाला कसं कळलं? वाटलं होतं, त्यांच्याही घरी कुणी असेल. ते पुढच्या दस्ताची पानं मोजत होते. "अहो, इथं दिवसभर ते चक्र फिरताना बघत बसायचं असतं," त्यांनी संगणकाकडे मान हलवली. "फिरतंय तोवर उठायचं नाही, एवढं कळतं." मग मला त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दाखला चांगला लिहिलाय. वीसच सेकंद का लिहिलेत पण?"

मी घड्याळ शून्यावर आणलं.

घेणाऱ्याने कुरकुर केली, पण विहीर आणि गोठा वगळून नव्या चतुःसीमा आखल्या गेल्या आणि दस्त महिन्याभराने झाला. त्याला विहिरीपेक्षा डोंगराचा देखावा हवा होता, तो वरच होता. तुकडा घेत नाही म्हणणारे पुष्कळदा घेतात, त्यांना विचारायला कुणीतरी लागतं.

पण त्या दिवशी हे अजून ठरायचं होतं. कार्यालयासमोरच्या टपरीवर आम्ही तिघं बाकड्यावर बसलो. आण्णांनी चहा सांगितला, सुदामच्या बशीत स्वतः ओतून दिला. मग सवयीने त्यांचा पट्टा सुरू झाला.

"आरं मग मला आधी का न्हाई बोललास? घरी येवडं इचारलं तुला. तवा नुसता व्हय व्हय करत बसलास. आँ? का न्हाई बोललास?"

सुदामने बशी तोंडाला लावली. आण्णांनी दोन घोट घेतले आणि बोलणं म्हशीवर गेलं, थोरली आटत आली आहे. मग पिरंगुटच्या रस्त्यावर, तिथं दुपारी गाड्या अडकतात, आत्ताच निघायला हवं. मी मान हलवत होते. घड्याळ गळ्यात होतं. माझा हात एकदा त्याच्याकडे गेला, मी तो मांडीवर ठेवला.

चहा संपला. पोऱ्याने ग्लास उचलून नेले. आण्णा उठून धोतर झटकत होते.

"बोलतच हुतो," सुदाम म्हणाला.

आण्णांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते परत बाकड्यावर बसले. आणखी काही असेल, म्हणून आम्ही दोघं थांबलो.